'से.' म्हणजे सेकंद, सेल्सियस की सेंटी? मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एककांची चिन्हं मराठीत करावीत का?

वाळूचा_साचा:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रींसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, मशीनची पॅनेल आणि त्यावरचं सॉफ्टवेअर करून देतो. बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी ठरवलं की स्क्रीनवरचं सगळं मराठीत करायचं. 'टेम्परेचर' नको, 'तापमान'. 'अलार्म' नको, 'इशारा'. मशीनवर उभा राहणारा माणूस चंदगड, गडहिंग्लज, शाहूवाडीकडचा असतो. रात्रपाळीत तीन वाजता पॅनेल लाल झालं तर त्याला इंग्रजी वाक्य लावत बसायला लागू नये, एवढीच इच्छा होती. ते काम मी मनापासून केलं आणि ते चाललं. 'हवेचा दाब कमी, व्हॉल्व्ह तपासा' एवढं दिसलं की पोरं स्वतःच मशीन सुरू करतात. मला येणारे फोन निम्म्यावर आले.

मग पुढचं पाऊल टाकलं आणि चिन्हंही मराठीत केली. तिथं फसलो.

शेल कोअरचं मशीन होतं. कोअर म्हणजे ओतीव वस्तू आतनं पोकळ राहावी म्हणून ठेवायचा वाळूचा गाभा. रेझिन लावलेली वाळू गरम डायमध्ये (लोखंडी साच्यात) भरायची, ठरावीक वेळ भाजायची आणि कडक झालेला कोअर बाहेर काढायचा. डायचं तापमान २४० अंश, वेळ ९० सेकंद. पॅनेल लहान, सव्वाचार इंची. त्याच्या फाँटमध्ये अंशाचा गोल नव्हता म्हणून मी तो गाळला. सारांशाच्या पानावर जागा कमी, म्हणून नावं गाळून फक्त आकडा आणि चिन्ह ठेवलं. म्हणजे स्क्रीनवर दिसत होतं: '२४० से' आणि त्याच्याखाली '९० से'.

सोमवारी सकाळी मशीन थंड होतं, आदल्या शनिवारी कुणीतरी सेटिंग पुसलेलं. नव्या पोरानं वहीत बघून आकडे भरले, पण उलटे. ९० अंश आणि २४० सेकंद. पहिले कोअर हातात घेताच ढासळले. सगळ्यांनी वाळूला दोष दिला. नवी गोणी फोडली, तरी तेच. दीड तास गेला. मग कुणीतरी डायजवळ हात नेला आणि म्हणाला, 'अरे, ही तापलीच नाही.'

बोलणी त्या पोरानं खाल्ली. चूक माझी होती, आणि मी तसं त्याच्या सुपरवायझरला जाऊन सांगितलं. पण तेव्हापासून डोक्यात प्रश्न बसलाय. मराठीत 'से' म्हणजे सेकंद, 'से' म्हणजे सेल्सियस, आणि 'सेमी'तला 'से' म्हणजे सेंटी. चिन्हं मराठीत करावीत की जगभर आहेत तशी रोमनमध्येच ठेवावीत? तुमचा अनुभव काय?

वर्नियर:
भावा, एकदम वर्मावर बोट ठेवलंस. मी उद्यमनगरात लेथ आणि नंतर सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, तेवीस वर्षं काढली. आमच्याकडं एका मशीनला असंच मराठी पॅनेल आलं होतं. कटिंग स्पीडला 'मी/मि' आणि फीडला 'मिमी/मि'. आता तेलकट काचेतनं, वरनं कूलंटचे शिंतोडे उडालेत, तिथं मला कुणी ऱ्हस्व-दीर्घ ओळखून दाखवावं. 'मी' म्हणजे मीटर, 'मि' म्हणजे मिनिट, आणि तोच 'मि' पुढं 'मी' आला की मिली. शेवटी आम्ही पांढऱ्या मार्करनं काचेच्या कडेला रोमन चिन्हं लिहून ठेवली. आठवड्यानं पुसायची, परत लिहायची.

खरं एक सांगतो. आमचे वस्ताद सगळं सुतात बोलायचे. एका इंचात आठ सूत. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आलं की बघून डोक्यात वळवायचे, आणि वर्नियर लावताना मात्र मिलिमीटरच. बोलायला सूत, मोजायला मिलिमीटर. त्यांच्या हातनं जॉब गेलेला मी बघितला नाही.

मास्तर_कागल:
धाग्याचा विषय चांगला आहे, पण सुरुवातीलाच हार मानल्यासारखा सूर दिसतोय म्हणून लिहितो. मी चौतीस वर्षं मराठी माध्यमात गणित-विज्ञान शिकवलं. फळ्यावर 'सेमी', 'किग्रॅ' लिहूनच मुलं घडवली, त्यातली कितीतरी आज इंजिनिअर आहेत. पुणे-बंगळूर रस्त्यावरचा दगड 'किमी' सांगतो, वर्तमानपत्र 'किमी' लिहितं, कुणी वाट चुकत नाही.

तुमची चूक चिन्ह मराठीत केलं ही नव्हती, नाव गाळलं ही होती. 'तापमान' आणि 'वेळ' हे दोन शब्द स्क्रीनवर असते तर ते पोर चुकलं असतं का? तांत्रिक म्हटलं की भाषा सोडायची, असं करत गेलो तर मराठी फक्त जेवणाखाण्यापुरती उरेल. अवघड जागा सोडून दिल्या की भाषा तिथं कधीच पोचत नाही.

वाळूचा_साचा:
मास्तर, नाव गाळलं ही चूक शंभर टक्के मान्य. पण नाव असतानाही चिन्हानं फसवू नये असं मला वाटतं. माणूस घाईत आधी आकडा बघतो, मग त्याला चिकटलेलं चिन्ह, आणि नाव सगळ्यात शेवटी.

त्रिज्या:
मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मास्तरांच्या कळकळीबद्दल पूर्ण आदर ठेवून एक मुद्दा मांडते. ही चिन्हं इंग्रजी आहेत, हे गृहीतकच बरोबर नाही.

१९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली तेव्हा नावं आणि चिन्हं वेगळी ठेवली गेली. नाव प्रत्येक भाषेनं आपापलं लिहावं: मीटर, मेत्र, मेत्रो, काहीही. चिन्ह मात्र सगळीकडे एकच. ते संक्षिप्त रूप नाही, गणितातल्या बेरजेच्या चिन्हासारखी ती खूण आहे. म्हणून त्याच्यापुढे टिंब येत नाही आणि अनेकवचन होत नाही. आपण 'कि.ग्रॅ.' लिहितो तेव्हा ते मराठी शब्दाचं संक्षिप्त रूप असतं. दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या.

रसायनशास्त्रात हे आपण कधीच मान्य केलंय. सोडियमची संज्ञा 'एन ए' आहे, ती नेट्रियमवरून. टंगस्टनची 'डब्ल्यू', वोल्फ्रामवरून. लोखंडाची 'एफ ई', लॅटिन फेरमवरून. इंग्रजी मुलालाही ती पाठच करावी लागते. मास्तर, तुम्हीही वर्गात लोखंडासाठी 'लो' लिहिलं नसेल.

दुसरी अडचण लिपीची आहे. रोमनमध्ये लहान आणि मोठं अक्षर आहे आणि या पद्धतीनं त्याला अर्थ दिलाय. लहान 'एम' म्हणजे मिली, मोठा 'एम' म्हणजे मेगा. मिलिवॅट आणि मेगावॅट यांत शंभर कोटी पटींचा फरक. लहान 'के' किलो, मोठा 'के' केल्विन. लहान 'एस' सेकंद, मोठा 'एस' सीमेन्स. माणसाच्या नावावरून आलेल्या एककाचं पहिलं अक्षर मोठं: वॅट, न्यूटन, पास्कल, अँपिअर. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, म्हणून ही सगळी माहिती दुसऱ्या कशात तरी भरावी लागते. ती आपण वेलांटी आणि मात्रेत भरतो, आणि मग वर्नियरदादा म्हणतात तसं काच पुसावी लागते.

मास्तर_कागल:
लोखंडाचा मुद्दा पटला. खरंच कधी 'लो' लिहिलं नाही. पण मग रशियाचं काय? त्यांच्या यंत्रांवर त्यांच्याच लिपीतली चिन्हं असतात, आणि ते अवकाशात गेले.

त्रिज्या:
बरोबर आहे सर, आणि ते उदाहरण महत्त्वाचं आहे. रशियन मानकात आंतरराष्ट्रीय चिन्हं आणि सिरिलिक चिन्हं अशा दोन्ही संचांना मान्यता आहे. २००२ च्या त्यांच्या मानकात तक्ताच दिलेला आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. सिरिलिकला लहान-मोठी अक्षरं आहेत, त्यामुळे मिली आणि मेगा वेगळे राहतात. आणि त्यांनी प्रत्येक चिन्ह एकदाच ठरवून कायद्याच्या कागदावर आणलं. आपल्याकडे किलोग्रॅमचं 'किग्रॅ', 'कि.ग्रॅ.', 'किग्रा', 'कि. ग्रॅम', 'किलो' असं ज्याला सुचेल तसं चालतं. मानक नसलेलं चिन्ह घेऊन मशीन चालवणं धोक्याचं आहे.

संकलन_केंद्र:
मी गावातल्या दूध संस्थेत काम करतो. आमच्या पावतीची गोष्ट सांगतो.

संकलनाच्या सॉफ्टवेअरची पावती पूर्ण मराठीत येते आणि ती तशीच पाहिजे. सकाळी साडेपाचला म्हाताऱ्या आजी किटली घेऊन येतात, फॅट किती लागली ते स्वतः वाचतात. पूर्वी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागायचं. हा बदल लई मोठा आहे, त्याला कुणी हात लावू नये.

खरं आमच्या जुन्या पावतीवर दुधापुढं नुसतं 'कि.' किंवा 'लि.' यायचं. काट्यावर मोजलं तर किलो, मापानं मोजलं तर लिटर. प्रिंटरची पट्टी फिकी झाली की 'क' आणि 'ल' सारखेच दिसायचे. लिटरभर दूध साधारण एक किलो तीस ग्रॅम भरतं, म्हणजे शंभर लिटरला तीन किलोचा फरक. एका सभासदानं तीन महिन्यांच्या पावत्या घेऊन येऊन भांडण काढलं आणि त्याचं बरोबर होतं. आता आम्ही पूर्ण शब्द छापतो, 'लिटर' आणि 'किलो'. कागद थोडा जास्त जातो, भांडण नाही.

पांढरा_रस्सा:
तांबडा-पांढरा मात्र वाटीतच मोजायचा, त्याला कुठलं मानक लावू नका. बाकी चालू द्या, वाचतोय.

संकलन_केंद्र:
@पांढरा_रस्सा, वाटी कुणाच्या घरची ते ठरवा आधी :)

शून्याधार:
मी मोबाईल ॲप बनवतो, सध्या पुण्यात, घर कळंब्याला. चिन्हांपेक्षा मोठा खड्डा आकड्यांचा आहे.

प्रत्येक भाषेत तारीख, आकडे, एककं कशी दाखवायची याचा एक जागतिक साठा आहे. युनिकोडवाले, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकासाठी ठरवणारी संस्था, तो सांभाळतात, फोनपासून संगणकापर्यंत सगळे वापरतात. त्यात हिंदीसाठी आकडे मुळातच आंतरराष्ट्रीय ठेवलेत आणि मराठीसाठी देवनागरी. म्हणजे फोनची भाषा मराठी केली की प्रोग्रामरला कळायच्या आत '१२.५' देवनागरीत बाहेर पडतं. माणसाला दाखवायला छान. पण तोच आकडा फाईलमध्ये गेला, तिथून दुसऱ्या मशीनला गेला, की संपलं.

आम्ही एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद घेणारं छोटं ॲप केलं होतं. चाचणीत सगळं ठीक, कारण आमचे फोन इंग्रजीत. पहिल्या रात्री काट्यावरच्या माणसाचा फोन मराठीत. उसाच्या गाड्यांची वजनं देवनागरीत साठली, सकाळी तक्त्यात बेरीज केली तर शून्य. तक्त्याच्या लेखी ते आकडे नव्हतेच, अक्षरं होती. एकशे दहा गाड्या हातानं परत भरल्या.

आता आमचा नियम असा. साठवायचं ते नेहमी आंतरराष्ट्रीय आकड्यांत, टिंब दशांशचिन्ह, मध्ये स्वल्पविराम नाही. दाखवायचं ते ज्याला हवं तसं. लाख-कोटीचे स्वल्पविराम फक्त डोळ्यांसाठी, फाईलसाठी नाहीत.

वर्नियर:
@शून्याधार, सीएनसीला तर देवनागरी आकडा दिला की प्रोग्रामच उघडत नाही. थेट अलार्म.

मास्तर_कागल:
म्हणजे आता आकडेही सोडायचे? आपण इथं सगळे १, २, ३ लिहितोय की!

अनुस्वार:
मास्तर, सोडायचे नाहीत. मी भाषांतराचं काम करते, यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणते. 'आंतरराष्ट्रीय आकडे' म्हणतो ते मुळात भारतीय अंकांचंच रूप. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याच्या कामकाजासाठी हेच शब्द आहेत: भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप. २००९ च्या वैध मापन कायद्यातही मोजणीचा पाया तोच धरलाय. पुस्तकात, पत्रात, इथं धाग्यावर देवनागरी अंक आपले आहेतच. काट्यावर आणि मीटरवर दुसरं रूप. दोन्ही आपलेच म्हणायला हरकत नाही.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी कुणीतरी देऊन ठेवलंय. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. त्याच्या तत्त्वांमध्ये नेमका हाच विषय आहे आणि उदाहरणही सेंटिमीटरचंच आहे. आयोग म्हणतो, चिन्हं आंतरराष्ट्रीय रूपात रोमनमध्येच राहावीत. रोजच्या वजनमापांची संक्षिप्त रूपं नागरीत लिहिता येतील, जसं 'से.मी.', पण ती मुलांच्या पुस्तकांत आणि सर्वसामान्यांसाठीच्या लेखनात. शास्त्र आणि तंत्रज्ञानाच्या प्रमाण ग्रंथांत फक्त आंतरराष्ट्रीय चिन्ह.

म्हणजे मास्तरांचा फळा बरोबर, रस्त्यावरचा दगड बरोबर, आणि त्रिज्याताईंची प्रयोगशाळाही बरोबर. कोअर मशीनचं पॅनेल यांतल्या कुठल्या बाजूला पडतं, एवढंच ठरवायचं.

पुराची_खूण:
थोडं विषयांतर होईल, पण राहवत नाही. पावसाळ्यात आख्खं कोल्हापूर कुठल्या एककात बोलतं? फुटात! पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका. हे दोन आकडे पहिलीतल्या पोरालाही पाठ आहेत. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. कुणी मला येऊन सांगितलं की पंचगंगा १३.१ मीटरवर आहे, तर मी निवांत चहा पीत बसेन. तेच ४३ फूट म्हटलं की आधी तळमजल्यावरचं सामान वर.

जिवाशी खेळ असलेल्या ठिकाणी लोकांच्या डोक्यात जे माप बसलंय तेच वापरा. मानक वगैरे नंतर.

त्रिज्या:
@पुराची_खूण, हे पटलं, आणि याच्याशी मी भांडणार नाही. पण बघा, तुमच्या उदाहरणातही सगळ्यांचं माप एकच आहे. ४३ म्हणजे ४३ फूट, शिरोळला आणि शहरात वेगळं नाही. नदीकाठी एका गावानं फूट आणि दुसऱ्यानं हात वापरला असता तर? आणि दरवाज्यातून सुटणारं पाणी धरणाच्या साठ्याशी जुळवताना अभियंता घनमीटरच करतो. १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ४० घनमीटर.

गुंठा_पावणेदोन:
जमिनीत पण असंच. आम्ही बोलतो गुंठ्यात, सातबारा येतो हेक्टर-आरमध्ये. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. माझ्या चुलत्यांनी आर आणि गुंठा एकच धरून वाटणी केली आणि एकरामागं जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा घोळ झाला. भावाभावांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. सातबाऱ्यावर 'आर' मराठीतच लिहिलेलं असतं, तरी घोळ झालाच की. लिपीनं काही वाचवलं नाही.

वर्नियर:
गुजरीत, सराफांच्या पेठेत, जावा. तोळा म्हणतात आणि दहा ग्रॅम देतात. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा.

पाळी_तिसरी:
मी गोकुळ शिरगावला सुपरवायझर आहे. इथं सगळे धरून चाललेत की मशीनवरचा माणूस मराठी वाचतो. माझ्या पाळीत अठरा जण आहेत. सात ओडिशाचे, तीन बिहारचे, दोन निपाणीकडचे, त्यांची शाळा कन्नडमध्ये. ओडिशाच्या पोरांना देवनागरी येत नाही. त्यांना 'तापमान' पण वाचता येत नाही, 'किग्रॅ' तर लांबच. पण रोमन 'केजी' आणि अंश सेल्सियसची खूण अठराच्या अठरा जण ओळखतात. कुणी शाळेत शिकलं, कुणी औषधाच्या बाटलीवर बघून, कुणी सिमेंटच्या पोत्यावर बघून.

पॅनेलवर भाषा बदलायचं बटण असू दे: मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया. बटण दाबल्यावर शब्द बदलावेत, पण आकडा आणि चिन्ह जागचं हलू नये. एका पाळीतला माणूस मराठीत बघून गेला आणि पुढचा ओडियात बघायला आला तर दोघांना चिन्ह तेच दिसलं पाहिजे. नाहीतर पाळी बदलताना वहीत काय लिहायचं?

वाळूचा_साचा:
@पाळी_तिसरी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'जागचं हलू नये' हे वाक्य मी टेबलासमोर लिहून लावलंय.

औषधाची_चिठ्ठी:
मेडिकल दुकान आहे माझं. आमच्यात याच्या उलटं उदाहरण आहे, तेही ऐका. मायक्रोग्रॅमचं खरं चिन्ह ग्रीक 'म्यू' लावून लिहितात. पण हातानं लिहिलं की तो म्यू 'एम'सारखा दिसतो आणि मायक्रोचं मिली होतं, म्हणजे हजारपट. म्हणून औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारे सांगतात की तिथं म्यू वापरू नका, 'एमसीजी' लिहा किंवा सरळ पूर्ण शब्द लिहा. थायरॉईडच्या गोळ्या ५० मायक्रोग्रॅम, १०० मायक्रोग्रॅम अशा असतात. मी पाकिटावर पेनानं मराठीत पूर्ण लिहून देतो: 'रोज सकाळी उपाशीपोटी एक'. एकक लिहितच नाही. पेशंटला एककाशी काम नसतं, गोळी ओळखायची असते.

त्रिज्या:
मानकही काही दगडावरची रेघ नाही, हे यातून दिसतं. लिटरचं चिन्ह आधी फक्त लहान 'एल' होतं. ते एकाच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून १९७९ मध्ये मोठा 'एल'ही चालेल असं ठरवलं. मायक्रॉन हे नाव १९६७-६८ मध्ये अधिकृतपणे रद्द झालं, आता ते मायक्रोमीटर. फरक एवढाच की बदल सगळ्यांनी मिळून केला.

वर्नियर:
मायक्रॉन रद्द झाला? आमच्या उद्यमनगरला कुणी कळवलं नाही. कालच वीस मायक्रॉनचा जॉब केला.

शून्याधार:
त्या 'म्यू'वरून आठवलं. युनिकोडमध्ये तो दोन ठिकाणी आहे, एक मायक्रोची खूण म्हणून आणि एक ग्रीक अक्षर म्हणून. दिसायला जुळे. एका फाईलमध्ये एक आणि दुसरीत दुसरा असला की शोध घेऊन सापडत नाही. आणि @वाळूचा_साचा, तुमच्या पॅनेलवर 'किग्रॅ' नीट दिसायचं का? बऱ्याच स्वस्त पॅनेलना जोडाक्षर जुळवता येत नाही.

वाळूचा_साचा:
नाही दिसायचं! पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि 'ग्रॅ'चे तीन तुकडे पडायचे: पाय मोडका ग, र आणि वर अधांतरी चंद्र. मी प्रत्येक शब्दाचं चित्र करून टाकलं, म्हणून जमलं. शब्दांसाठी ते कष्ट घेतले आणि परत घेईन. चिन्हांसाठी घेतले ते वाया गेले.

मास्तर_कागल:
दोन दिवस सगळं वाचलं आणि माझं थोडं मत बदललं, तेवढं लिहितो.

मशीनच्या पॅनेलवर चिन्ह आंतरराष्ट्रीय ठेवा, मान्य. पण माझ्या दोन मागण्या आहेत. एक, चिन्ह रोमन ठेवलं म्हणून हळूहळू बाकीचंही रोमन होऊ देऊ नका. 'तापमान' गेलं तर मी इथं येऊन भांडेन. दोन, मशीनसोबत एक मराठी तक्ता द्या. चिन्ह, त्याचं मराठी नाव, आणि ते कशाचं माप आहे. भिंतीवर लावण्याइतका मोठा. मुलाला चिन्ह परकं वाटतं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

आणि घरातल्या वस्तूंबाबत मी हटणार नाही. पत्नीच्या साखर तपासायच्या यंत्रावर, रक्तदाबाच्या यंत्रावर पूर्ण मराठी शब्द हवेत. ती रोमन वाचत नाही, आणि आता सत्तराव्या वर्षी तिनं ते शिकावं अशी अट घालणं बरोबर नाही. दूध संस्थेच्या आजींची पावती मला फार आवडली.

अनुस्वार:
मास्तर, तक्त्याचं भाषांतर आणि मुद्रितशोधन मी करून देते. पैसे नकोत.

आणि एक मुद्दा सगळ्यांकडून सुटलाय. रोमनमध्ये आहे म्हणजे आंतरराष्ट्रीय चिन्ह आहे, असं नाही. 'आरपीएम' हे चिन्ह नाही, ते 'फेरे प्रति मिनिट'चं इंग्रजी संक्षिप्त रूप आहे. दाबाचं 'पीएसआय' तसंच, हवेच्या प्रवाहाचं 'सीएफएम' तसंच, अश्वशक्तीचं 'एचपी' तसंच. त्रिज्याताईंच्या नियमानं 'कि.ग्रॅ.' चिन्ह नसेल तर 'आरपीएम'ही नाही. मग तिथं इंग्रजीचं संक्षिप्त रूप का ठेवायचं? 'फेरे/मिनिट' सरळ लिहा. इंग्रजी संक्षेपांना मानकाचा मान फुकट देऊ नका.

त्रिज्या:
अगदी बरोबर. हे मी लिहायला हवं होतं.

वर्नियर:
मग आमचं 'सहा केजी प्रेशर'? कंप्रेसरवर सगळे असंच म्हणतात. केजी तर वजनाचं.

त्रिज्या:
ते खरं 'सहा किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर', बोलताना अर्धं गळालं. सहा केजी म्हणजे साधारण ५८८ किलोपास्कल, पावणेसहा-सहा बार. बोलायला चालू द्या दादा, तुमच्या वस्तादांच्या सुतासारखं. स्क्रीनवर मात्र नुसतं केजी नको, नाहीतर दाब आणि वजन एकाच चिन्हात येतील आणि परत 'से'ची गोष्ट होईल.

वाळूचा_साचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन पॅनेल काल त्याच मशीनवर बसवलं. केलेलं सांगतो.

सारांशाचं पान काढून टाकलं. 'तापमान' आणि 'वेळ' आता दोन वेगळ्या पानांवर, मोठ्या मराठी अक्षरांत. चिन्हं आंतरराष्ट्रीय, अंशाच्या गोलासकट, आकडा आणि चिन्हात एक जागा सोडून. चिन्हावर बोट ठेवलं की मराठीत पूर्ण नाव येतं, 'अंश सेल्सियस'. दूध संस्थेच्या पावतीवरून हे सुचलं. भाषा मराठी, हिंदी, कन्नड. ओडिया पुढच्या महिन्यात, त्यासाठी वाचून तपासणारा माणूस हवाय. फाईलमध्ये आंतरराष्ट्रीय आकडे. मिक्सरचा वेग 'फेरे/मिनिट'. आणि तापमानाच्या रकान्यात १८० च्या खाली काही भरलं तर पॅनेल घेतच नाही, विचारतं. हे तर पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

ज्या पोरानं बोलणी खाल्ली होती त्यालाच पहिल्यांदा उभं केलं. त्यानं आकडे भरले, मग अंशाच्या खुणेवर बोट ठेवलं, नाव वाचलं आणि विचारलं, 'हे सेल्सियस कोण होतं?' मी सांगितलं, स्वीडनचा शास्त्रज्ञ, अठराव्या शतकातला. मास्तर, तक्त्यात एक रकाना त्यासाठीही ठेवूया का?

मास्तर_कागल:
ठेवूया. वॅट, न्यूटन, पास्कल, अँपिअर, केल्विन सगळे घ्या. मजकूर मी लिहितो, उद्या संध्याकाळपर्यंत अनुस्वारताईंकडं पाठवतो.

वर्नियर:
तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून द्या मास्तर. आमच्याकडं तेल उडतंय.